मुदत संपलेलं सर्टिफिकेट

कंपनीचा सर्व्हर कामतघरच्या ऑफिसात होता आणि तो सांभाळणं माझं काम. कशेळीच्या गोदामातले कॉम्प्युटर रिमोट डेस्कटॉपने त्याला जोडलेले. माल घेऊन निघणाऱ्या गाड्यांची चलनं त्यावरच निघायची. एकदा सर्व्हरच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत संपली. मग रोज जोडताना इशारा यायला लागला: समोरच्या मशीनची खात्री देता येत नाही, तरी जोडायचं का?

पहिला फोन गोदामात चलनं काढणाऱ्या, डिस्पॅचच्या ताईंचा आला. वयाने माझ्याहून मोठ्या, भिवंडीपलीकडच्या गावाहून रोज ये-जा करणाऱ्या. मी म्हणालो, "ताई, सध्या यस दाबा. आपलाच सर्व्हर आहे."

नवा सर्व्हर यायचा होता, सर्टिफिकेटचंही तेव्हाच बघू, असं ऑफिसात ठरलेलं. तो काही आला नाही. गोदामात सगळे न वाचता यस दाबू लागले.

शेवटी एका रविवारी मी जुन्याच सर्व्हरवर नवं सर्टिफिकेट बसवलं. सोमवारी सकाळी ताईंचा फोन.

"सर, आज त्यानं काय इचारलंच न्हाय. डायरेक्ट आत गेलं. मी बंद करून ठेवलंय."

"बरोबर आहे, ताई. मी दुरुस्त केलंय ते."

"फोनवर कोन पन असं बोलंल."

"माझा आवाज ओळखत नाही का?"

"आवाज तुमचाच हाय. पन तुमी या."

मागून ड्रायव्हर ओरडत होता, "मॅडम, चलान दे दो ना!"

मी रिक्षा केली. ती कंटेनरांमागे बराच वेळ अडकली. पोचलो तेव्हा गेटबाहेर गाड्यांची रांग लागली होती, सुपरवायझर वैतागला होता आणि ताई बंद स्क्रीनसमोर शांत बसल्या होत्या. मी सर्टिफिकेट उघडून नवी तारीख दाखवली. त्यांनी बोट ठेवून सगळं वाचलं.

"म्हंजी आदी इचारायचा तवा धोका व्हता, आन आता इचारत न्हाय म्हंजी समदं ठीक?"

"हो."

"मंग तवाच का न्हाय सांगितलं?"

"तेव्हा घाई होती," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पहिलं चलन काढलं. रांग हलली. मी तिथेच थांबून बाकीच्या ऑपरेटरांनाही सर्टिफिकेट उघडून दाखवलं. एकाने वाचलं. दुसरा म्हणाला, "ठीक है सर, अब नहीं पूछेगा ना?" आणि जेवायला गेला.