लिमयेबाईंचा तिसरा टप्पा

आकाशातून ज्या वाटेने जायचं, त्या वाटेवरून लिमयेबाई आधी स्कूटरने जाऊन यायच्या. राहायला नारायण पेठेत, हिंजवडीच्या कंपनीत आम्हा टेस्टिंगवाल्यांच्या प्रमुख, वय पन्नाशीपुढचं. आणि रविवारी कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडरने उडणाऱ्या. हातात मावणाऱ्या जीपीएसमध्ये वाटेतले टप्पे भरायचे आणि बाण दाखवील तिकडे एकेक गाठत जायचं, हा त्यांचा नाद. आम्ही बाकीचे उडणारे टप्पे इंटरनेटवरून उतरवून घ्यायचो. बाई मात्र शेतमालकाला विचारून, त्या शेतात स्वतः उभ्या राहून जागा नोंदवायचं बटण दाबायच्या.

"अहो वानखडे, न सांगता कुणाच्या दारात पडणं बरं दिसत नाही. तुमच्या अमरावतीला चालत असेल."

आमच्या कामातल्या चुकाही त्या याच सुरात सांगायच्या. मला त्या फार आवडायच्या.

तीन टप्प्यांची एक वाट त्यांना पुरी करायची होती. दोनदा दुसऱ्या टप्प्यावरच उतरावं लागलं होतं. नोकरी सोडून बाई मुलीकडे बंगळूरला कायमच्या निघाल्या, त्याआधीचा हा शेवटचा रविवार. मी खालून मोटरसायकलवर, वॉकीटॉकी घेऊन. पहिला टप्पा झाला, दुसराही झाला. तिसरा म्हणजे हौसाबाईंचं शेत; रविवारी वरून येते, असं बाई त्यांना सांगून आल्या होत्या. ते समोर दिसायला लागलं आणि वारा पडला.

"बाण बरोबर आहे, उंची संपली," बाईंचा आवाज आला, घरातलं दूध संपलं म्हणावं तसा. आणि त्या अलीकडच्या गायरानात अलगद उतरल्या.

मला रडूच यायचं बाकी होतं. "बाई, इथेच बटण दाबा. हाच तिसरा टप्पा. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

त्यांनी पॅराग्लायडरची छत्री गुंडाळून पाठीवर घेतली. मागे बसा म्हटलं, तर म्हणाल्या, "गाडी तुमची तुम्ही आणा." जीपीएस हातात धरून त्या बांधाबांधाने चालत निघाल्या. ऊन चांगलंच तापलं होतं, पण बाई खुशीत होत्या.

हौसाबाई डोळ्यांवर हात धरून शेतात उभ्या होत्या. शेजारी कोण आलंय, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"मावशी, आले मी."

हौसाबाई दचकल्या. "अगं बया, चालत? म्या सकाळपासनं वर बघत उभी हाय."

"वरूनच आले, मावशी. शेवटचं तेवढं चालले."

"मंग आलीस की," हौसाबाई म्हणाल्या, आणि लिमयेबाईंनी ती वाट पुरी झाली असं धरलं.