जर्मनीतल्या भावाचं पान

आते जेवत असली आणि समोरून कुणी गेलं, की "या, जेवायला!" म्हटल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. मग तो पोस्टमन असो, नाहीतर जिना झाडायला आलेला माणूस. लुडविग्सहाफेनची जर्मन माणसं दचकून "नाइन, डांके", म्हणजे नको, आभारी आहे, म्हणत सटकत. मी मात्र पहिल्याच दिवशी बसलो. उपाशी होतो हो!

फिलिपिन्समधल्या एका खेड्यातली ही बाई तीस वर्षं इथे नर्स होती आणि माझ्या समोरच्या दारात राहायची. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला आते म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. मी एका छोट्या प्रयोगशाळेत केमिस्ट, त्यात शाकाहारी. "मासा नाही, मांस नाही, मग तू जगतोस कशावर?" असं कपाळाला हात लावून विचारायची आणि माझ्यासाठी कोळंबी न घालता मूग शिजवायची.

तिच्या गावात बघण्यासारखं काय, तर प्रवाळाच्या दगडांचं जुनं चर्च, समुद्रावर नजर ठेवायला बांधलेला पडका बुरूज आणि एक धबधबा. पण आतेच्या तोंडून ऐकताना वाटे, रोम काय घेऊन बसलात! फार पूर्वी समुद्री चाचे आले तेव्हा गावकऱ्यांनी चर्चची घंटा नदीत लपवली. चाचे गेले, घंटा काही सापडली नाही. "बरं, तू केमिस्ट ना? सांग, घंटेचं कासं पाण्यात किती वर्षं टिकतं?" ती दर वेळी विचारायची. "पुष्कळ," मी म्हणायचो. तेवढ्यानेही तिचा चेहरा खुलायचा.

दर मे महिन्यात गावची जत्रा. त्या दिवशी घराघराचं दार उघडं, येईल त्याला जेवण. लांबचा पाहुणा आला, तर त्या घराची मान ताठ. निवृत्त होऊन ती कायमची गावी निघाली, त्या वर्षी मला म्हणाली, "दर वेळी एकटीच जाते. लोक विचारतात, जर्मनीत तुझं कोण आहे? या जत्रेला तू चल."

"नक्की येतो!" मी म्हणालो. आम्ही पडलो पुण्याचे. "नक्की येतो" म्हणायचं आणि विसरायचं, यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. आतेला हे कुठलं ठाऊक! तिने भावाला कळवलं. त्या बापड्याने घराला रंग काढला.

तिने तिकिटाचं विचारलं तेव्हा मी गडबडलो आणि "साहेब उरलाउब देत नाहीत" अशी थाप मारली. सुट्टी माझी वीस दिवसांची तशीच पडून होती. "काम आधी," ती म्हणाली आणि मुकाट्याने मूग वाढले.

जत्रेनंतर फोटो आला. लांबलचक टेबलावर केळीची पानं, भाजलेलं डुक्कर, माणसांची ही गर्दी. डुकरापासून दूर, टोकाला एक पान रिकाम्या खुर्चीपुढे मांडलेलं. त्यावर भात, मूग, भोपळा. मागे लिहिलं होतं, "माझ्या जर्मनीतल्या भावाचं पान. सगळ्यांना सांगितलं, साहेब सोडत नाहीत, नाहीतर आला असता."

लाजेने मेलो. तरी पुढची दोन वर्षंही गेलो नाही. फोनवर "बघू, पुढच्या वर्षी" चालूच. काय नडलं होतं माझं, देव जाणे.

मग तिच्या भावाचं पत्र आलं. चार दिवसांच्या तापाने आते गेली होती. खाली लिहिलं होतं, "जत्रा पुढच्या महिन्यात आहे. तुझं पान मांडायला तिने बजावून ठेवलंय. तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग आणि विचार, आता तरी सोडतील का?"