साडूने पाहिलेली खाण

चंद्रहास पिंपळशेंडेला आखातातल्या अल कुसैसच्या मराठी मंडळात पाठीमागे ‘कोळसेवाले’ म्हणत, आणि त्याला ते ठाऊक होतं. राग येत नसे. उलट बरंच वाटे. रास अल खोरच्या एका गोदामात दिवसभर लोकांच्या डोक्यावर हेल्मेट आहे की नाही बघत फिरायचं, ही काही मिरवण्याजोगी नोकरी नव्हे. पण त्याआधी अकरा वर्षं तो चंद्रपूरजवळच्या एका भूमिगत कोळसा खाणीत मायनिंग सरदार होता. मंडळातल्या बँकवाल्या नि कॉम्प्युटरवाल्या पुणेकर-मुंबईकरांत जमिनीच्या पोटात जाऊन आलेला तो एकटाच. माणसाला एवढी एक गोष्ट पुरते. फक्त ती दुसऱ्या कोणी उचलू नये.

सरदार म्हणजे तलवारवाला नव्हे. पाळी सुरू होण्याआधी हा आत जायचा, काठीने छत ठोकून आवाज ऐकायचा, सेफ्टी लॅम्पची वात बारीक करून ज्योतीवर निळसर टोपी चढते का पाहायचा. चढली, तर वायू साठलाय. सगळं ठीक असेल तर वहीत लिहून सही करायचा, आणि त्या सहीनंतरच माणसं आत जायची. अकरा वर्षांत न पाहता त्याने एकही सही केली नव्हती. हा त्याचा खरा अभिमान होता, आणि नेमका तोच तो कोणाला सांगत नसे.

सांगायचा ते स्वालबार्डचं. ट्रेनिंगच्या काळात कुठल्याशा जुन्या मासिकात त्याने एक फोटो पाहिला होता. उत्तर ध्रुवाजवळचं बेट, चहूकडे बर्फ, डोंगराच्या कुशीत खाणीचं तोंड, आणि समोर काळ्या तोंडांची माणसं. खाली लिहिलं होतं की तिथे हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवतच नाही. चंद्रहास त्या ओळीवर अडकला. आपण पाळी संपवून उन्हात येतो. ही माणसं पाळी संपवून पुन्हा अंधारातच येत होती. तेव्हापासून, वीस-बावीस वर्षं, मिळेल ते तो वाचत गेला. एका अमेरिकन माणसाने तिथे खाण उघडली, पुढे १९१६ साली ती नॉर्वेवाल्यांनी घेतली. डोंगरातला कोळसा तारेवरच्या पाळण्यांतून बंदरापर्यंत उतरवायचे. समुद्र गोठला की बोटी बंद, मग हिवाळाभर कोळशाचे ढीग नुसते वाढत राहायचे. खाणकामगारांच्या बुटांची काजळी घरात येऊ नये म्हणून जोडे दाराशी काढायची चाल पडली, ती तिथे हॉटेलातसुद्धा अजून आहे. हे सगळं तो बाहेर सत्तेचाळीस डिग्री असताना एसीखाली बसून बायकोला, कमलिनीला, सांगे. ती भाजी निवडता निवडता हूं म्हणे. मुलगी पर्णिका मात्र लहानपणी डोळे मोठे करून ऐके.

कधीतरी तिथे जायचं, हे ठरलेलंच होतं. ते ‘कधीतरी’ दरवर्षी एक वर्ष पुढे सरके. आधी चंद्रपूरच्या घराचं काम, मग आईचा गुडघा, मग पर्णिकाची शाळा.

आणि गेला कोण? सुजीत.

सुजीत म्हणजे कमलिनीच्या धाकट्या बहिणीचा, मुग्धाचा नवरा. अबू धाबीत मोठ्या हुद्द्यावर, खलिफा सिटीत व्हिला. साडू-साडूंचं नातंच मुळात तराजूतलं. सासरी गेलं की दोघांनाही एकदमच जोखतात. चंद्रहासचं पारडं कायम हलकं. व्हिल्याचं त्याला काही वाटलं नाही, गाडीचं थोडं वाटलं. पण ऑगस्टमध्ये फॅमिली ग्रुपवर सुजीतचा फोटो आला. मागे बर्फाळ डोंगर, लाकडी खांबांवरचा तो पाळण्यांचा मार्ग, पुढे लाल जॅकेटात दात काढणारा सुजीत. खाली मजकूर: ‘वेळेवर आलो. इथली शेवटची नॉर्वेजियन खाण जूनमध्येच बंद झाली.’ चंद्रहासने फोन उलटा ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही, ॲसिडिटीचं नाव सांगितलं. खरं तर पोटात दुखत होतं ते वेगळंच. स्वालबार्ड हा शब्द सुजीतने पहिल्यांदा ऐकला होता तो चंद्रहासच्याच तोंडून, दिवाळीच्या फराळाला, चकली खाता खाता. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच.

एवढ्यावर थांबलं असतं तरी त्याने गिळलं असतं. पण मंडळाच्या सेक्रेटरी अर्चनाताईंनी नोव्हेंबरच्या एका शनिवारी व्याख्यान ठेवलं. ‘ध्रुवावरचा कोळसा’. वक्ते सुजीत. चंद्रहासला त्यांनी फोन केला तो स्पीकरची व्यवस्था बघाल का म्हणून.

“तुम्ही नेहमी बघता ना, म्हणून,” अर्चनाताई म्हणाल्या. “आणि तुमचा तर सब्जेक्टच आहे तो. एन्जॉय कराल.”

“हो, बघतो ना,” चंद्रहास म्हणाला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मंगळवारी सुजीतचा फोन आला. “चंद्रहासराव, प्रेझेंटेशन पाठवलंय. हिस्टरीचा पार्ट जरा चेक करा ना प्लीज. मी काय, टूरिस्ट माणूस. दोन म्युझियम बघितली आणि बाकी सगळं नेटवरून उचललंय. तुम्ही ओके म्हणालात की खलास, मग मला टेन्शन नाही.”

चंद्रहासने ते तपासायला घेतलं ते चुका काढायच्याच इराद्याने. पण बरंचसं बरोबर निघालं आणि तो आणखी चिडला. मग सतराव्या स्लाइडवर त्याचं बोट थांबलं. ‘गोठलेल्या जमिनीमुळे इथल्या खाणींत वायूचा धोका नव्हता. शंभर वर्षांत एकही मोठा स्फोट झाला नाही.’

त्याने ते दोनदा वाचलं. स्वालबार्डवरच्याच न्यू-ओलेसुंड गावचा स्फोट, ५ नोव्हेंबर १९६२. एकवीस माणसं. काहींचे देह आतच राहिले आणि खाण कायमची बंद झाली. त्या प्रकरणात पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार गडगडलं होतं. दर पाच नोव्हेंबरला तो घरात याची आठवण काढायचा. त्याच्या स्वतःच्या खाणीतही वायूने एक माणूस नेला होता, दुसऱ्या सरदाराच्या पाळीत. ही चूक बारीक नव्हती. ही चूक म्हणजे साक्षात लॉटरी होती.

त्याच्या डोळ्यांसमोर शनिवार उभा राहिला. सुजीत ते वाक्य वाचतोय. शेवटी अर्चनाताई विचारतायत, कोणाला प्रश्न? मागच्या रांगेतून चंद्रहास उठतोय, अगदी शांतपणे. तारीख सांगतोय, आकडा सांगतोय. हॉलमधल्या माना वळतायत. मग कळेल सगळ्यांना, विमानाचं तिकीट काढलं म्हणजे खाण कळत नाही.

त्याने फोनवर लिहिलं, ‘वाचलं. सगळं ओके.’ पाठवताना अंगठा क्षणभर थबकला. न पाहता सही केली नव्हती, हे खरंच होतं. पण पाहून, वायू आहे हे कळूनही केलेली त्याची ही पहिलीच. त्याने पाठवून टाकलं.

शनिवारी हॉल भरला होता. बटाटेवडे, चहा, पोरांची पळापळ. चंद्रहासने स्पीकर लावले, माइक तपासला आणि मागच्या रांगेत कमलिनी नि पर्णिकाच्या शेजारी बसला. सुजीत बोलला चांगलं, हेही त्याला सहन होईना. लोक हसत होते, जोड्यांची गोष्ट ऐकून ‘आपल्यासारखंच की’ म्हणत होते. चंद्रहासची जोड्यांची गोष्ट इतक्या वर्षांत एकदाही कोणी पूर्ण ऐकली नव्हती. तो मनात स्लाइडा मोजत राहिला.

सतरावी आली. सुजीतने वाक्य वाचलं आणि थांबला.

“आणि हे मी नेटवर वाचून ठोकून देत नाहीये हं,” तो हसत म्हणाला. “सगळी हिस्टरी आमच्या चंद्रहासरावांनी चेक केलीय. अकरा वर्षं अंडरग्राउंड काढलीत त्यांनी. ॲक्च्युअली स्वालबार्ड हे नावच मला त्यांनी शिकवलं. नाहीतर मी स्वित्झर्लंडला गेलो असतो. त्यांच्यासाठी जोरात टाळ्या.”

टाळ्या वाजल्या. माना वळल्या, अगदी त्याने कल्पिल्या होत्या तशाच. आता उठून चूक काढायची म्हणजे स्वतःचीच. गप्प बसायचं म्हणजे ती एकवीस माणसं मेलीच नव्हती, यावर आपलं नाव. तो गप्पच बसला. बसून राहिला असता.

पण शेजारून पर्णिकाचा हात वर गेला.

“काका, बट ट्वेंटी-वन पीपल डाइड देअर,” ती म्हणाली. नववीतल्या मुलीचा स्वच्छ, निरागस आवाज. “इन नाइन्टीन सिक्स्टी-टू. देअर वॉज अ गॅस एक्स्प्लोजन. बाबा टेल्स अस एव्हरी इयर.”

कमलिनीने हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तिला हिशेब लागायला क्षणही लागला नाही, हे त्याला दिसलं.

सुजीतचा चेहरा उतरला, पण लगेच त्याने सावरून घेतलं. “अरे बापरे. सॉरी, सॉरी. माझीच चूक. मी एकदम साठ स्लाइड पाठवल्या यांना, वर्किंग डेला. नजरचुकीने राहिलं असणार.”

लोकांनीही माना डोलावल्या. होतं असं. अर्चनाताई तर “पर्णिका, स्मार्ट हं” म्हणून मोकळ्या झाल्या. सुटकेची वाट समोर सताड उघडी होती, आणि ती उघडली होती सुजीतनेच. फक्त हो म्हणायचं होतं.

चंद्रहास उठला. “नजरचुकीने नाही,” तो म्हणाला. “मी वाचलं होतं. मंगळवारीच. मुद्दाम ठेवलं.”

हॉलमध्ये वडे खाणारेसुद्धा थांबले.

“मला इथे उठून सुजीतरावांना खोटं पाडायचं होतं. ते जाऊन आले आणि मी गेलो नाही, म्हणून.” त्याने सुजीतकडे पाहिलं. “चूक त्यांची नाही, एवढंच.”

पर्णिका त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्याकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही. मुग्धाने पुढच्या रांगेतून तोंड फिरवलं. सुजीतला लागलं होतं. ते लपवता आलं नाही. मग तो रांगांमधून चालत मागे आला आणि माइक चंद्रहासच्या हातात दिला.

“मग तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. आवाजात गोडवा नव्हता, पण टोमणाही नव्हता. “मला खरंच माहीत नाहीये.”

चंद्रहास पुढे जाऊन उभा राहिला. वीस वर्षं हवी असलेली जागा ती हीच. सगळे ऐकत होते. त्याने पाच नोव्हेंबर सांगितला, पाळीत आत गेलेली माणसं सांगितली, आत राहून गेलेली सांगितली. मध्येच त्याचं लक्ष मागच्या रांगेकडे गेलं. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर सुजीत बसला होता, कमलिनीकडून पेन घेऊन कागदावर तारीख उतरवून घेत होता, आणि बाजूला बसलेल्या पर्णिकाला त्या गावाच्या नावाचं स्पेलिंग विचारत होता. ती त्याला सांगत होती. माइक धरून उभ्या असलेल्या चंद्रहासला तेव्हाही सुजीतचा हेवाच वाटला, आणि या वेळी तो स्वालबार्डचा नव्हता.