कोंदोर, कोंडा आणि नागरिकत्व

ब्रिटिश नागरिकत्वाच्या परीक्षेला मी डोक्याला चिकटलेली टोपी घेऊन गेलो.

त्याआधी दोनदा नापास झालो होतो. बायको मराठी असली तरी ब्रिटिश नागरिक, मुलगी सई तर जन्मानेच ब्रिटिश. घरात परदेशी पाहुणा मी एकटाच! सहा लग्नं केलेल्या राजाच्या बायका पाठ कराव्यात, तर चहा उकळेपर्यंत निम्म्या पसार (त्याच्याकडे तरी कुठे टिकल्या!).

ब्रॅकनेलमधल्या आमच्या शेजारीण शिरीनबाई इराणच्या. माझी दशा पाहून त्यांनी कुंपणावरून बायकोला धुपाच्या, डिंकासारख्या पिवळ्या खड्यांची पुडी दिली. "कोंदोर! आमच्याकडे मेमरीसाठी देतात."

बायकोने ऐकलं, 'कोंडा'.

"अहो, तुमच्या डोक्यात कोंडा आहे, म्हणून काही राहत नाही!"

"कोंड्याचा आणि मेमरीचा काय संबंध?"

"राजे वरच अडकतात, आत पोचतच नाहीत. बसा खाली!"

तिने खडे कुटले, खोबरेलात गरम केले आणि माझ्या डोक्यावर थापले. वर लोकरीची टोपी! अख्ख्या गल्लीला देवळाचा वास. सकाळी पाहतो तर टोपी आणि मी एकजीव!

"बाबा, टोपी निघत नाही, ती अडकली!" सई ओढत होती. टोपीबरोबर माझ्या भुवया छताकडे निघाल्या होत्या.

तसेच केंद्रावर पोचलो. दारातली बाई म्हणाली, "टोपी काढा."

"निघत नाही."

"मग परीक्षा नाही."

कार पार्कमधून बायकोने शिरीनबाईंना फोन लावला. पलीकडून किंकाळी आली, "डोक्याला? अहो, ते भिजवून पाणी प्यायचं!"

सईने फर्स्ट-एड बॉक्समधली कात्री काढली. टोपी निघाली, पण एकटी नाही. माझं सगळं पीक घेऊन गेली! दारातल्या बाईने नाकावरून मला ओळखलं आणि आत सोडलं.

आणि मी पास झालो! सहाच्या सहा राण्या रांगेत उभ्या राहिल्या. (डोक्यावरचं छप्पर उडाल्याने त्यांना आत यायला वाट मिळाली असणार.)

आनंदाच्या भरात मी त्याच आठवड्यात, त्याच टकलाचा फोटो काढून ठेवला आणि यथावकाश नागरिकत्व मिळाल्यावर तोच पासपोर्टवर लावला. तोवर केस उगवले होते, चांगले दाट. सुट्टीवरून परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने एकदा पासपोर्टकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हे गृहस्थ कोण?"

ब्रिटनचा अख्खा इतिहास मला तोंडपाठ, पण हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.