इथिओपियाशी बांधाचं भांडण

चिपळूणच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आलेल्या आईला प्रवासाची, थंडीची, चोराचिलटांची कसलीच काळजी नव्हती. तिला एकच विचारायचं होतं, "त्या नगरकडच्या लोकांना भात म्हणजे काय ते माहीत असतं ना गं?" मी हो म्हटलं. तरीही तिने तांदळाच्या सहा भाकऱ्या पिशवीत कोंबल्याच.

मी चालले होते बहिणीकडे, देवळाली प्रवऱ्याला. नव्वद सालानंतरचे ते दिवस. गावोगाव पिवळे एसटीडी बूथ आणि झेरॉक्सची दुकानं निघत होती आणि परदेशी पाहुणे खेड्यापाड्यांत दिसू लागले होते. माझे भावोजी एका शेतकी प्रशिक्षण वर्गाची व्यवस्था बघत. तिथल्या दोन पाहुण्यांना एक शेत दाखवायचं होतं आणि नेमका दुभाष्या काविळीने आडवा झाला. भावोजींना आठवलं, आपली मेहुणी शाळेत इंग्रजी शिकवते. नाताळची सुट्टी होतीच. आजवर मी वर्गाबाहेर इंग्रजी बोलले होते ते फक्त शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांशी, आणि तेही मराठीत उत्तर देऊन निघून गेले होते. पण हे मी भावोजींना कशाला सांगू?

कुंभार्ली घाट चढला की झाडं विरळ होतात, पुणं सोडलं की संपतात आणि नगर मागे पडेपर्यंत जमीन इतकी सपाट होते की आम्हा कोकणातल्या माणसांना उघड्यावर कपडे बदलायला लावल्यासारखं वाटतं. राहुरीच्या पुढे मात्र दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. उसाच्या बैलगाड्यांची रांग, हवेत मळीचा (साखर कारखान्यातून निघणाऱ्या काळ्या पाकाचा) आंबूस वास. मी नाकाला पदर लावला तर शेजारची बाई म्हणाली, "नवीन दिसताय. दोन दिसांनी ह्याच्याबिगर करमायचं न्हाई." दोन दिवसांनी मला तो येईनासा झाला, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांशी गाठ पडली ती नाश्त्याच्या टेबलावर आणि भांडणाच्या मध्यावर. तेस्फाये इथिओपियाचा, उंच, शिडशिडीत, हळू बोलणारा. त्याचं प्रत्येक बोलणं 'कदाचित'ने सुरू व्हायचं. रामीरो मेक्सिकोचा, गोलमटोल, मिशाळ. 'कदाचित' हा शब्द त्याला कुणी शिकवलेलाच नव्हता. दोघांचं तीन आठवडे एकच भांडण चाललं होतं : जगातली थोर रोटी कोणती? रामीरोची मक्याची तोर्तिया की तेस्फायेचा इंजेरा (आंबवलेल्या पिठाचा मोठा, जाळीदार पोळा)? भांडताना दोघे एकमेकांच्या ताटात हक्काने हात घालत होते, त्यामुळे प्रकरण गंभीर नसावं असं मी ताडलं.

जीप कोल्हारला प्रवरेच्या पुलाजवळ थांबली, कारण रामीरोला पेरूची गाडी दिसली.

"हा आमचा," पेरू चावत तो म्हणाला. "आमच्याकडून जगात गेला." पुढच्या गाडीवर पपई होती. तीही त्याचीच. मग टोमॅटो, मका, मिरची. बाजार संपेपर्यंत अर्धं कोल्हार मेक्सिकोत गेलं होतं. मी पेरूवाल्याला भाषांतर करून सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचा आसंल तर आसू द्या, पर गिऱ्हाईक व्हऊन आलेत ना? मंग झालं."

आम्हाला जायचं होतं ते रंगनाथदादांच्या मळ्यात. दादा साठीचे, पांढरी टोपी, मान कायम ताठ. चहूकडे त्यांचा ऊस आणि त्यात मधोमध, ऊस लावायचा राहून गेल्यासारखी, दहा गुंठे ज्वारी. तिच्या कडेला हौसाबाई, म्हणजे दादांच्या मंडळी, आगटी पेटवत होत्या. आगटी म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव. कोवळी कणसं त्यात भाजायची, गरम असतानाच तळहातांवर चोळायची आणि जे हिरवे, गोड दाणे हातात उरतात तो हुरडा.

कणसं खुडायला हौसाबाईंनी मला सोबत नेलं आणि दादा ऐकण्याच्या टप्प्याबाहेर गेल्याबरोबर त्या थांबल्या.

"बाई, हा शेवटचा हुरडा बरं का," त्या म्हणाल्या. "ही जवारी निघाली की ऊस लावनार हायेत ह्यात. उसाचं बेनं, लावायची कांडी, तेबी सांगून ठिवलंय. हे जवारीचं बी माज्या म्हायेराचं हाय. लगीन झालं तवा आईनं वटीत घातलं हुतं. चाळीस वर्सं मी जपलं. एक साल पेरलं न्हाई की गेलं, मंग कुटं हुडकू?"

"दादांना सांगितलं नाहीत?"

"सांगून सांगून जीभ झिजली. घरच्या बाईचं कोन ऐकतं? तुमी पावन्यांच्या तोंडून काय तरी वदवा. लांबून आलेल्याचं ऐकत्यात ते."

त्यांचे डोळे भरले होते आणि मला एकदम राग आला, दादांचा आणि त्या सगळ्या उसाचा. मी वचन देऊन बसले. ते निभावायचं कसं ते माझं मलाच माहीत नव्हतं.

हुरडा सुरू झाला. घोंगडीवर आम्ही बसलो. समोर लसणाची चटणी, दही, गूळ, ठेचा. पहिलं गरम कणीस रामीरोने धीटपणे हातात घेतलं आणि तितक्याच धीटपणे फेकलं. तेस्फायेने मात्र फुंकर मारून, दोन्ही तळव्यांत सराईतपणे चोळून, फोलपटं उडवून दाणे पुढे केले. हौसाबाई बघतच राहिल्या. "ह्यो तर आपल्यातलाच दिसतोय," त्या म्हणाल्या.

मी ठरवल्याप्रमाणे दोघांकडून ज्वारीचं कौतुक वदवून घेतलं. अशी चव कुठे नाही, असं पीक जपायला हवं, वगैरे. दादांनी मान डोलावली. "व्हय, व्हय. पावनं लई ग्वाड बोलत्यात. त्यांना म्हनावं, पुढल्या साली या, उसाचा रस पाजतो." झालं. माझी सगळी मसलत त्या रसात बुडाली.

मग हौसाबाईंनी शेजारीच मांडलेल्या चुलीवर तवा ठेवला आणि रोटीच्या भांडणाला पुन्हा ऊत आला. त्यांनी उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ मळलं, परातीत थापलं, भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. भाकरी टम्म फुगली. रामीरो म्हणाला, आमच्याकडे माझी आई याहून पातळ करते, द्या इकडे. त्याने गोळा घेऊन हवेतच या हातावरून त्या हातावर थापायला सुरुवात केली. तिसऱ्या थापेला गोळ्याचे दोन तुकडे झाले आणि एक आगटीत पडला. तेस्फायेने आधीच माघार घेतली : त्याच्या पद्धतीने करायचं तर पीठ तीन दिवस आंबवावं लागतं.

"तीन दिस?" हौसाबाई म्हणाल्या. "तवर पावन्यांनी काय करायचं, उपाशी बसायचं?"

त्याने हातवारे करून इंजेरा कसा ओततात ते दाखवलं आणि मला राहवेना. मी म्हटलं, ही तर आमची आंबोळी! कोकणात घरोघर करतात. दोघे परदेशी आणि दोघे देशावरचे अशा चौघांनीही माझ्याकडे इतक्या थंडपणे पाहिलं की मी ठेच्याचा घास घेऊन गप्प बसले. तो ठेचा रामीरो चमच्याने खात होता, तेस्फायेने दोनदा मागून घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या त्या एकट्या माझ्याच.

"मिरची आमची," रामीरो म्हणाला. "बोटीतून तुमच्याकडे आली."

मी भाषांतर केलं. दादा हसले. "मिरची घ्या म्हनावं. आमाला जवारी बस हाय."

हे इंग्रजीत ऐकून तेस्फायेने घसा साफ केला. तो म्हणाला ते असं : "कदाचित, म्हणजे काही अभ्यासकांचं असं मत आहे, की ज्वारीची लागवड पहिल्यांदा आमच्या बाजूला झाली असावी. आम्ही तिला माशिला म्हणतो. अर्थात नक्की कुणी सांगू शकत नाही."

मी हौसाबाईंकडे पाहिलं. मग, आयुष्यभर मुलांना 'जसंच्या तसं भाषांतर करा' म्हणून छड्या मारलेली मी, दादांना म्हणाले, "हे म्हणतात, ज्वारी मुळात त्यांची आहे."

दादांच्या हातातला घास हातातच राहिला.

"कुनाची?"

"त्यांची. इथिओपियाची."

"आन मी काय त्यांची चोरून आनली व्हय?" टोपी मागे सरकली. "हितं माजा बाप जवारी पेरायचा, त्याचा बाप पेरायचा. ह्यो आज जीपमधून येतो आन म्हनतो माजी? ह्याला बांध कोरनं म्हनत्यात!"

बांध कोरणं म्हणजे काय हे कोकणात समजावून सांगावं लागतं. दोन शेतांमधला बांध शेजारी दरवर्षी नांगराने बोटभर खरवडतो आणि आपलं रान तेवढं वाढवतो. नगर जिल्ह्यात सख्खे भाऊ त्यापायी वीस-वीस वर्षं बोलत नाहीत. दादांचे पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या अशा दोन्ही शेजाऱ्यांशी हे वाद होतेच. आता तिसरा शेजारी अरबी समुद्रापलीकडून नांगर घेऊन आला होता.

"थांबा," दादा उठले. "पुरावाच दावतो."

ते तरातरा वस्तीवर गेले आणि पत्र्याची पेटीच घेऊन आले. तीतून निघाले सातबाऱ्याचे उतारे, पिवळे पडलेले, घड्यांवर फाटलेले. सातबाऱ्यावर जमीन कुणाची हे तर असतंच, शिवाय कुठल्या साली कुठलं पीक होतं तेही तलाठी लिहितो. दादांनी एकेक कागद तेस्फायेच्या मांडीवर ठेवला आणि 'ज्वारी' या शब्दावर बोट आपटलं. "वाच म्हनावं! ह्या साली जवारी. ह्या साली जवारी. हा माज्या बापाच्या नावावरचा. जवारी! तुमच्याकडं हाय का उतारा?"

तेस्फायेने सगळे कागद अत्यंत आदराने पाहिले. मग मला म्हणाला, "कदाचित आमच्याकडे असा कागद नसावा." रामीरोला आनंद आवरेना. आपल्या प्रतिस्पर्ध्याचा इतका कायदेशीर पराभव त्याने तीन आठवड्यांत पाहिला नव्हता. "विचार त्यांना," तो म्हणाला, "मिरचीचा पण उतारा आहे का?"

दादा जिंकल्यासारखे बसले. त्या क्षणी, चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या हौसाबाई भाकरी उलटत, कुणालाच उद्देशून नसल्यासारख्या बोलल्या, "पुढल्या साली तलाठी ऊस लिवंल. मंग ह्यो पुरावा काय कामाचा? ह्यो पावना येऊन म्हनंल, दावा की जवारी."

दादांनी पेटीतले कागद पुन्हा लावले, परत काढले, वरचा कागद उगीच वाचला. मग शेताकडे पाहत राहिले.

"कोन म्हनतंय ऊस लावनार?" शेवटी ते गुरगुरले. "ऊस काय, कुटंबी येतोय. हे दहा गुंठं ऱ्हाऊ द्या जवारीला. बेनं दुसऱ्याला देतो." आणि मग तेस्फायेकडे वळून, "सांगा त्याला, बाई. जवारी हितंच हाय. कवाबी येऊन बघावं."

मी सांगितलं. तेस्फाये उठला, दोन्ही हातांनी दादांचा हात धरला आणि म्हणाला, "कदाचित मी येईन." हौसाबाईंनी तोवर तोंडाला पदर लावला होता. धूर फार झाला होता, असं त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी जीपमध्ये वानवळा ठेवला, कणसं आणि ज्वारीचं पीठ. शेतातलं नवं काही आलं की पाहुण्याला, शेजाऱ्याला थोडं द्यायचं, त्याला तिकडे वानवळा म्हणतात आणि त्याला नाही म्हणता येत नाही. परतीच्या वाटेवर मी तेस्फायेला माझ्या भाषांतराची कबुली दिली. मग त्या दिवसात पहिल्यांदाच तो 'कदाचित' शिवाय बोलला. "माझ्या आईनेही असंच केलं असतं."

चिपळूणला आले तेव्हा आईने आधी पिशवी तपासली. तांदळाच्या दोन भाकऱ्या तशाच परत आल्या होत्या, पार वाळून. त्यावरून तिने जे ताडायचं ते ताडलं. वानवळ्यातल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी मी चार वेळा थापली, चारही वेळा फाटली. शेवटी त्याच पिठाचा घावन घातला आणि कोकणाची अब्रू राखली. माणूस दुसऱ्याच्या ताटावर हक्क सांगतो तेव्हा आपल्याला राग येतो, आणि त्या रागातच आपल्या ताटाकडे आपण पहिल्यांदा नीट बघतो, असं मला त्या दिवसांत फार वाटायचं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पण भात होता की नव्हता?"

पुढच्या डिसेंबरात एसटीच्या पार्सलने एक गाठोडं आलं. आत हुरड्याची कणसं, अर्धी वाटेत सुकलेली, आणि त्यावर सातबाऱ्याची कोरी करकरीत झेरॉक्स. पिकाच्या रकान्यात तलाठ्याच्या अक्षरात : ज्वारी, ०.१०, म्हणजे तेच दहा गुंठे. सोबत कुणाकडून तरी लिहून घेतलेली दोन ओळींची चिठ्ठी. पहिली ओळ दादांची : 'हा कागद त्या पावन्याला पाठवणे.' दुसरी हौसाबाईंची : 'त्याला लिवा, दर साली असंच भांडत ऱ्हा.'

दोन्ही ओळी मी इंग्रजीत केल्या. या खेपेला जशाच्या तशा.