चंपाबाईची मूठ उघडत नाही

वळलेली मूठ उघडतं कोण, सांगता का? "कोण म्हणजे? सैल सोडली की उघडते!" असंच म्हणाल ना? अख्खी वस्ती हेच म्हणत राहिली, आणि त्यातच मुकुंदवाडीच्या चंपाबाईचा हात गेला.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ती फिरत्या पट्ट्यावर बाटल्या मांडायची. उचल, ठेव, उचल, ठेव. एकोणऐंशीच्या डिसेंबरात विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाला गेली. डोक्यावर येणारी लाठी तिनं हातावर झेलली, उजव्या कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला. हाड शाबूत राहिलं. सूज उतरली, बोटं मात्र वाकलेलीच. मिटायची झकास, उघडायची नाहीत.

उस्मानपुऱ्यातले मुबारक पहिलवान हाडं बसवण्यात नावाजलेले. त्यांनी बोटं चाचपली. "नस पे नस चढी है, भाभी. घाबरायचं नाय." तळहात आणि मनगट तिळाच्या तेलानं रगडायचे, वर पट्टा आवळायचे. असे तीन महिने गेले.

कामावर परतली तर सुपरवायझर म्हणाला, "मूठ वळा." तिनं वळून दाखवली.

"वळतीय की! मग कशाचं दुखणं? लागा कामाला."

बाटली उचलली गेली, पण ठेवताना बोटं सोडीनात. डाव्या हातानं सोडवेस्तोवर मागच्या चार बाटल्या फुटल्या. "नाटकं घरी करा, बाई," म्हणत त्यानं दुपारीच तिला गेटाबाहेर काढलं.

त्याच संध्याकाळी वस्तीत नामांतराची सभा होती. कुणीतरी तिला पुढं ओढलं, "चंपाबाई, दाखवा मूठ!" तिनं हात वर केला. टाळ्याच टाळ्या! घोषणा संपल्या, सगळ्यांच्या मुठी उघडल्या. तिची तशीच. शेजारच्या गीताबाईला ती हळूच म्हणाली, "मी वळली नाय गं. उघडतच नाय ती."

गीताबाई हसली. "जोरच लई तुझा, बया!"

शेवटी पहिलवानच तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चांगल्या हाताची बोटं ताठ करा बरं. कोपराखाली, मागच्या अंगाला काही हललं? तो स्नायू. स्नायूला फक्त आखडून ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून बोटं मिटवणारे वेगळे, पुढच्या अंगाला. उघडणारे वेगळे, मागं. त्यांच्या लांब दोऱ्या बोटांपर्यंत जातात. तुमचे उघडणारे जागेवर आहेत, पण त्यांना हुकूम पोचवणारी शीर लाठीनं चेचलीय."

"मंग आता?"

"आधीच यायला हवं होतं. शीर वाढलीच तर दिवसाला केसभर. वर्षभर बघू. तोवर रोज कुणीतरी बोटं सरळ करून धरा, नाहीतर सांधे धरतील."

पहिलवान मान खाली घालून म्हणाले, "मी उलट्याच अंगाला रगडत बसलो, भाभी."

त्या माणसावर तिला रागावताही येईना.

वर्ष उलटलं, शीर काही आली नाही. आता सांधेही धरायला लागलेत. नवरा धोंडिबा पहाटेच चितेगावला कामावर जातो. दिवसभर ती एकटी दारात बसून डाव्या हातानं एकेक बोट उघडते. चौथं सरळ होईपर्यंत पहिलं वाकलेलं असतं. एका हाताचं कामच नाही ते.

मुकुंदवाडीकडं तुमचं जाणं झालं, तर कौतुकाचं भाषण नको. तिच्या शेजारी बसा, तिचा हात मांडीवर घ्या आणि तिची बोटं, सगळी एकदम, थोडा वेळ उघडून धरा.