उरलेली अंडी पाण्याला

अख्ख्या चेन्नईत बारा महिने अठरा अंश तापमान कुणाच्या वाट्याला येत असेल, तर ते आमच्या प्रयोगशाळेतल्या बेडकीच्या अंड्यांच्या. त्यांचं एक गार कपाट होतं. अड्यारमध्ये वीज गेली की लोक पंख्याकडे बघायचे, मी त्या कपाटाकडे धावायचे. तीन वर्षं मी त्या अंड्यांची उस्तवार केली.

काम सांगायला सोपं होतं. भाताच्या मुळातलं एक प्रथिन जस्त पेशीत ओढून घेतं, असा आमचा अंदाज होता. बेडकीचं अंडं म्हणजे मोहरीएवढी एकच पेशी. निम्म्या अंड्यांत त्या प्रथिनाचा आरएनए काचेच्या बारीक सुईनं टोचायचा, म्हणजे अंडं ते प्रथिन स्वतःच बनवून आपल्या पडद्यात बसवतं. उरलेल्या निम्म्यांत नुसतं पाणी टोचायचं. मग सगळी किरणोत्सारी जस्ताच्या द्रावणात ठेवायची, धुवायची आणि कुणात किती जस्त गेलं ते यंत्रावर मोजायचं. आरएनएची अंडी दर वेळी पाण्याच्या अंड्यांपेक्षा दुप्पट जस्त घ्यायची. माझा सगळा प्रबंध त्या एका आलेखावर उभा होता.

बेडक्यांची निगा राखायला एक अक्का होत्या, तंजावरच्या मराठी घरातल्या. मी साताऱ्याची. माझं मराठी त्यांना घाईचं वाटे, मला त्यांचं पोथीतलं. प्रबंध द्यायला महिना उरला होता, तेव्हा एकदा त्या शेजारी बसून माझं अंडी निवडणं बघत होत्या.

"मोठीं, बरीं अंडीं तूं आरएनएस देतेस, मा," त्या म्हणाल्या. "उरलीं तीं पाण्यास. रोज पाहतें मी. असेंच करावयाचें असतें काय?"

मी चिडले. आरएनए बनवायला किती खटपट पडते, तो लेच्यापेच्या अंड्यात वाया का घालवायचा, असं तावातावानं सांगू लागले. सांगता सांगता मी दोन्हीकडची अंडी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मोठ्या अंड्याचा पडदा मोठा, ते जस्त जास्त घेणारच. लेचंपेचं अंडं धुताना गळणारच. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पंगतीत आपल्या माणसाला निवडून वाढावं तसं मी तीन वर्षं करत आले होते, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढच्या प्रयोगात मी अंड्यांना हात लावला नाही. अक्कांनी एका मापाची अंडी घेऊन दोन वाटे केले. आरएनए आणि पाणी या दोन्ही कुप्यांवरची नावं काढून त्यांनी एकीवर लाल ठिपका लावला, दुसरीवर निळा. कुठल्या कुपीत काय ते फक्त त्यांना ठाऊक. मी टोचलं, तीन दिवस थांबले, मोजलं. लाल आणि निळ्यात काही फरक नव्हता. दुसऱ्या बेडकीची अंडी घेऊन पुन्हा केलं. तेच. टाकीतल्या बेडक्यांच्या पोटांवरचे, अंडी काढताना घातलेले टाके बघून मला रडू आलं. त्यातला जवळजवळ प्रत्येक टाका माझ्यापायी पडला होता.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी स्वतःची समजूत काढत होते. जुने आकडे खोटे थोडेच आहेत? यंत्रानंच दिलेत. अक्का कुणाला सांगणार नाहीत. गावाकडे वडील आत्ताच सगळ्यांना मुलगी डॉक्टर झाली म्हणून सांगत सुटलेत. या नादात माझा स्टॉप मागे गेला आणि मी थेट टी. नगरला उतरले. साड्यांच्या पिशव्या घेतलेली गर्दी मला ढकलत होती. मला भयंकर भीती वाटत होती.

सकाळी माझ्या मार्गदर्शक सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, आपलं प्रथिन जस्त आत नेत नाही."

सरांनी संगणकावर माझाच आलेख उघडला. मग हळूच विचारलं, "तीन वर्षं तर नेत होतं?"

"नाही सर," मी म्हणाले, "मी नेत होते."